तुमची वाक्यं एकदा मोठ्यांदा वाचून पाहा

गणिताची पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या, स्वाध्याय रचणाऱ्या आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मंडळींना खुले पत्र

स. न. वि. वि.

३१ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झाले. शाळा सुटली, खडू सुटला नाही. संध्याकाळी आमच्या ओट्यावर गल्लीतली सात-आठ मुलं दप्तरं घेऊन बसतात. त्यांतली सातवीतली एक मुलगी गेल्या महिन्यात चाचणीचा पेपर घेऊन आली. 'चूक की बरोबर ते लिहा' या प्रश्नात एक विधान होतं : 'सर्व त्रिकोण समभुज नसतात.' हिने 'बरोबर' लिहिलं होतं आणि त्यावर लाल काट होती. शेजारच्या मुलाने 'चूक' लिहिलं, त्याला गुण मिळाला. तपासणाऱ्यांचं म्हणणं असं, की काही त्रिकोण समभुज असतात, मग सगळे 'नसतात' कसं म्हणता येईल?

मुलगी मला म्हणाली, "बाई, 'आज सगळी मुलं आली नाहीत' असं म्हटलं, तर वर्गात कुणीच नव्हतं असं होतं का?"

नाही होत. थोडी आली, थोडी नाही आली, असंच कुठलाही मराठी माणूस समजेल. तिचं मराठी चोख होतं आणि गणितही. शेजारच्या मुलाने तेच वाक्य दुसऱ्या तऱ्हेने वाचलं, तेही वाचता येतं. चूक वाक्य लिहिणाऱ्याची होती आणि गुण गेला वाचणाऱ्याचा. म्हणून हे पत्र.

मुलांना गणित येत नाही, ही तक्रार आपण सगळेच करतो. मीही केली, पहिली १०-१२ वर्षं तर रोज. हळूहळू लक्षात आलं, की निम्म्या वेळा मूल गणितापर्यंत पोचलेलंच नसतं. ते वाक्यातच अडकलेलं असतं. आणि ते वाक्य आपण लिहिलेलं असतं.

त्याच मुलीला मी विचारलं, पावणेदोनशे म्हणजे किती? "एकशे पंच्याहत्तर." विचार करायला क्षणही लागला नाही. तिची आई बाजारात भाजी विकते, हे शब्द तिने अंगणवाडीच्या आधीपासून ऐकलेत. मग मी पाटीवर लिहिलं : २ − १/४ × १००. तिने शाळेतला नियम लावला, आधी गुणाकार, मग वजाबाकी. २ − २५. उत्तर −२३. नियमाप्रमाणे अगदी अचूक. मी म्हटलं, "मी तर पावणेदोनशेच लिहायला गेले होते. पावणे म्हणजे पाव उणे. पाव उणे दोन, आणि तेवढे शेकडे. मग हे वजा तेवीस कुठून आलं?" ती पाटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमचा कंस राहिला."

कंस कशाला लागतो, हे मी इतकी वर्षं फळ्यावर सांगत आले. 'कंस आधी सोडवावा' एवढंच सांगत आले म्हणा ना. तो का आला आणि नसता तर काय बिघडलं असतं, हे 'पावणेदोनशे' या एका शब्दाने सांगितलं. बोलताना कंस आवाजात असतो. 'पावणेदोन' आपण एका दमात म्हणतो, 'शे' त्याला मागून चिकटतं. कागदावर आवाज नसतो, म्हणून दोन वाकड्या रेघा काढाव्या लागतात. अडीच हजार, सव्वातीनशे, साडेचार लाख, या प्रत्येक शब्दात एक अख्खी पदावली, म्हणजे संख्या आणि चिन्हांची मांडणी, घडी घालून ठेवलेली आहे. एकोणतीस या शब्दातसुद्धा वजाबाकी आहे, एक ऊन तीस. मुलं दिवसभर या घड्या उलगडतात आणि मिटतात. पुस्तकात मात्र पदावलीचा धडा सुरू होतो तो जणू ही वस्तू मुलांनी जन्मात पाहिलेली नाही, अशा थाटात.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पुन्हा पाठ करून घ्या, असं मी म्हणत नाही. माझे आजोबा औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा घडाघडा म्हणत. पण तो काळ रुपयाला १६ आणे आणि आण्याला ४ पैसे असण्याचा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि त्या पाढ्यांचं पोटापाण्याचं काम संपलं. ते गेले, जाऊ देत. पण सव्वा, दीड, अडीच, पावणे हे शब्द गेलेले नाहीत. ते रिक्षात आहेत, दुधाच्या हिशेबात आहेत, घड्याळात आहेत. साडेतीन शक्तिपीठं म्हणताना कुणालाही अर्धं पीठ कसं असेल असा प्रश्न पडत नाही. तीच मुलं ३ १/२ चं ७/२ करताना बिचकतात. अपूर्णांकाच्या धड्यात हे शब्द एखाद्या चौकटीत 'माहिती' म्हणून येतात, नाहीतर येतच नाहीत.

आता 'कंचेभागुबेव'कडे वळते. तुम्हाला हा मंत्र ठाऊक असेलच : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. कुठल्या क्रमाने पदावली सोडवायची त्याचं घोकंपट्टीचं सूत्र. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांतून तो शाळेत आला, की शाळेतून तिकडे गेला, देव जाणे. या मंत्रातलं मला सगळ्यात आवडणारं अक्षर म्हणजे 'चे'. बाकी सगळी गणिताची माणसं आणि मध्येच हा घरचा प्रत्यय. 'रामाचे घर'मधलाच 'चे'. ३६ ÷ १२ चे १/३. इथे 'चे' आधी सोडवायचं, १२ चे १/३ म्हणजे ४, आणि ३६ भागिले ४ म्हणजे ९. त्याच जागी × लिहिलं तर डावीकडून उजवीकडे जाऊन उत्तर येतं १. मुलं विचारतात, 'चे' म्हणजे गुणाकारच ना, मग दोन उत्तरं कशी? उत्तर मराठीत आहे. 'रामाचे घर' या दोन शब्दांना कुणी तोडत नाही, 'बाराचे एक तृतीयांश' हेही तसंच एक नाव आहे, एका वस्तूचं. आधी ती वस्तू हाती घ्यायची, मग तिने भागायचं. एवढं सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आणि तरीही काही मार्गदर्शक पुस्तकांत हेच मी '१/३ चे १२' असं छापलेलं पाहिलंय. एक तृतीयांशाचे बारा! इंग्रजीतला क्रम जसाच्या तसा उचलला आणि मध्ये 'चे' खोचून दिलं. उत्तर बदलत नाही हे खरं, पण अर्थ डोक्यावर उभा राहिला. मूल अशा वेळी अर्थाचा नाद सोडून देतं आणि चिन्हासारखं 'चे' ओळखून गुणाकार करून टाकतं. आपण एक चालतंबोलतं अक्षर मारलं.

मंत्राच्या शेपटीतही काटा आहे. 'बे' आधी, 'व' नंतर. त्यामुळे १० − ४ + ३ दिलं की दर वर्गात पाच-सहा जण आधी ४ आणि ३ ची बेरीज करतात आणि १० मधून ७ घालवून ३ उत्तर काढतात. याच मुलांना विचारा : खिशात १० रुपये होते, ४ खर्च केले, मग ३ कुणीतरी दिले, किती झाले? सगळी ९ म्हणतील. त्यांच्या तोंडी गणित बरोबर होतं, मंत्राने बिघडवलं. बेरीज-वजाबाकी एकाच पंक्तीला बसतात, ज्याचं पान आधी त्याला आधी वाढायचं, एवढंच सांगायचं होतं.

२०१९ च्या उन्हाळ्यात ८ ÷ २(२ + २) या एका ओळीवर जगभरची माणसं समाजमाध्यमांवर भांडली. कुणी १६ म्हणे, कुणी १. आमच्या गल्लीतही दोन इंजिनिअर एकमेकांशी बोलेनासे झाले होते, दिवाळीपर्यंत. मला त्यात गणिताचा वाद दिसलाच नाही. लिहिणाऱ्याने आपल्याला काय म्हणायचंय ते पुरतं लिहिलं नव्हतं, इतकंच. असं वाक्य निबंधात आलं असतं तर मराठीच्या बाईंनी खाली रेघ मारून 'अर्थ स्पष्ट करा' म्हटलं असतं.

'='  हे चिन्ह तरी कुठून आलं? रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गृहस्थाने १५५७ साली छापलेल्या पुस्तकात ते पहिल्यांदा वापरलं. कारण त्याने स्वतःच दिलंय : 'याच्याइतकंच आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा. दोन समांतर रेघा घेतल्या, कारण त्यांच्याहून जास्त सारख्या दोन वस्तू कुठल्या असणार! म्हणजे चिन्ह हे एका वाक्याचं लघुरूप होतं. आधी वाक्य, मग चिन्ह. आपण मुलांना उलटं देतो.

मराठीत आपण त्याला 'बरोबर' म्हणतो आणि हा शब्द तीन ठिकाणी नोकरी करतो. 'माझ्याबरोबर चल' म्हणजे सोबत. 'तुझं उत्तर बरोबर' म्हणजे खरं. 'चार अधिक तीन बरोबर सात' म्हणजे तितकंच. भरीला बरोबर उत्तरावर आपण जी खूण करतो तिलाही मुलं 'बरोबर'च म्हणतात. मग पाचवीतल्या मुलाला '८ + ४ = □ + ५' दिलं की तो चौकटीत १२ लिहितो आणि + ५ कडे दुर्लक्ष करतो. त्याच्या लेखी '=' म्हणजे 'आता उत्तर लिही'. त्याला दोष कसा देऊ? चार वर्षं प्रत्येक उदाहरणात '=' नंतर उत्तरच येत होतं.

मी एक करून पाहिलं. हे उदाहरण फळ्यावर न लिहिता तोंडी सांगितलं : आठ नि चार मिळून जेवढे, तेवढेच व्हायला पाचात किती घालावे लागतील? मुलांनी सात सांगितलं, तेही बोटं न मोडता. जादू 'जेवढे-तेवढे' या जोडीत आहे. आपल्या भाषेत ही जोडी किती सहज आहे पाहा : जितके-तितके, जसे-तसे, जो-तो, जर-तर. मराठी माणूस तराजू तोंडातच घेऊन जन्माला येतो. एक पारडं 'जे', दुसरं 'ते'.

आणि हे काही माझं संशोधन नाही. भास्कराचार्य बीजगणितात अज्ञात संख्येला काय म्हणतात? 'यावत्तावत्'. म्हणजेच जेवढे-तेवढे! लिहिताना नुसतं 'या'. दुसरी अज्ञात संख्या आली तर तिला रंगाचं नाव, कालक, नीलक, पीतक. लिहिताना का, नी, पी. ऋण संख्येवर टिंब. बैजिक राशीच्या धड्यात, म्हणजे संख्येच्या जागी अक्षर येतं तिथे, क्ष आकाशातून पडतो, 'चल' असं त्याचं नाव सांगतात, आणि मागच्या बाकावरचा एखादा 'कुठे चल?' असं हळूच म्हणतो. (दर वर्षी म्हणतो. मी दर वर्षी हसले.) त्या जागी 'जेवढे असतील तेवढे' असं म्हणून सुरुवात करायला काय हरकत आहे? आठशे वर्षांहून जुना शब्द घरात आहे.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि 'लीलावती' ११५० ची. त्यातली उदाहरणं कुणाला तरी उद्देशून आहेत, 'बाले', 'सखे' असं म्हणून. भुंग्यांचं उदाहरण आठवा. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ इतके भुंगे मालतीकडे गेले, थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच. एक भुंगा सुगंधाला भुलून कमळात अडकला, रात्री कमळ मिटलं, तो आत गुणगुणतोय आणि भुंगी बाहेरून त्याला साद घालतेय. सांग, भुंगे किती? बहात्तर. निम्मे ३६, त्यांचं वर्गमूळ ६, आठ-नवमांश ६४, उरले हे दोघं. गणित सोपं नाही, वर्गसमीकरण आहे. पण वाक्य एकदा ऐकलं की समजतं, आणि त्या भुंग्यासाठी तरी उत्तर काढावंसं वाटतं.

आता आपलं वाक्य : 'एका संख्येच्या तिपटीतून ५ वजा केल्यास येणारी संख्या ही त्या संख्येच्या दुपटीपेक्षा ७ ने अधिक असल्यास ती संख्या काढा.' मोठ्यांदा वाचा. श्वास कुठे घ्याल? 'केल्यास येणारी', 'अधिक असल्यास', असं घरात कुणी बोलतं का? मी ते असं सांगते : मी एक संख्या मनात धरली. तिच्या तिपटीतून ५ काढून टाकले. जेवढे उरले, तेवढेच तिच्या दुपटीत ७ मिळवले तरी येतात. कुठली संख्या? मुलं वहीत ३क्ष − ५ = २क्ष + ७ लिहितात, कारण वाक्यच त्या क्रमाने चालतं. उत्तर १२. गणित तसूभरही सोपं केलेलं नाही. चार शब्द जास्त लागले, तेवढीच काय ती उधळपट्टी.

सगळं बोलीत आणलं की सुटतं, असं मात्र समजू नका. बोलीही फसवते. 'गाई म्हशींच्या तिप्पट आहेत' हे लिहायला सांगा; निम्मा वर्ग ३ग = म लिहितो, कारण कानावर आधी गाई आल्या आणि 'तीन' त्यांनाच चिकटलं. इथे गोठा डोळ्यांपुढे आणावा लागतो. जास्त कोण? गाई. मग तीनने कुणाला फुगवलं की बरोबरी होईल? तसंच 'तर'चं. आई म्हणते, "जेवलास तर मोबाईल मिळेल," आणि दोघांनाही पक्कं माहीत असतं, की तिचं म्हणणं 'जेवलास तरच' असं आहे. भूमितीत 'तर' म्हणजे फक्त 'तर'. चौरस असेल तर तो आयत असतो. पण आयत असला म्हणून तो चौरस असतोच असं नाही. प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे त्याचं 'जर-तर' उलटं केलेलं विधान, वेगळा सिद्ध का करायचा, हे नववी-दहावीच्या मुलांना कळत नाही, त्याचं मूळ आईच्या त्या वाक्यात आहे. एक 'च' किती काम करतो! पुस्तकात त्याच्यावर अर्धं पान तरी द्या.

आणि टक्के. पुस्तकात 'द.सा.द.शे. २ दराने' १०,००० रुपयांवर वर्षाला २०० रुपये व्याज. आमच्या गल्लीतल्या बायकांना बचत गटात 'दोन टक्के' म्हटलं की महिन्याला शेकड्यामागे दोन कळतं, म्हणजे त्याच रकमेवर वर्षाला २,४००. दोन्ही ठिकाणी शब्द तोच, आकडा तोच, पैसे बारापट. आठवीतल्या एका मुलाने उदाहरणात आईच्या गटाचा हिशेब लावला आणि शून्य गुण घेऊन आला. 'द.सा.' म्हणजे 'दरसाल' हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला ती एखाद्या माणसाच्या नावाची आद्याक्षरं वाटली होती. द. सा. द. शे. नावाचे कुणी गृहस्थ दर ठरवत असतील! हसले मी, पण नंतर वाईट वाटलं. या एका 'दरसाल'ने त्या घराला खाजगी सावकाराच्या दोन टक्क्यांचा खरा अर्थ कळला असता.

तुम्हाला २०१९ आठवत असेल. दुसरीच्या पुस्तकात एकवीस-बावीससोबत 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. त्या पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी मुलं अडखळतात, म्हणून हा सोपा मार्ग, असं त्या शांतपणे सांगत राहिल्या. मला स्वतःला 'वीस एक' पटलं नव्हतं. बाजारात त्रेपन्न ऐकायचं आणि शाळेत पन्नास तीन म्हणायचं, हे दुहेरी ओझं वाटलं. पण एक मान्य करते : मुलाच्या कानावर काय पडतं आणि ते कुठे अडतं, याचा विचार त्यांनी केला होता. आपण सगळे संख्यांच्या नावांवर भांडलो, विधानसभेपर्यंत गेलो. त्याच पुस्तकांतल्या वाक्यांवर कुणी ब्रही काढला नाही.

मागणं फार नाही. छापायला देण्याआधी प्रत्येक शाब्दिक उदाहरण कुणीतरी मोठ्यांदा वाचावं, आणि ऐकणारा गणिताचा नसावा. मराठीचे शिक्षक असतील तर उत्तम, शाळेतले शिपाईमामा असतील तर त्याहून उत्तम. जिथे ऐकणारा 'पुन्हा सांगा' म्हणेल तिथे वाक्य मोडा. पदावलीच्या धड्यात सोडवण्याआधी नुसतं वाचण्याचा स्वाध्याय द्या : २(क्ष + ३) हे तोंडाने कसं म्हणाल, आणि २क्ष + ३ कसं? 'एका संख्येत ३ मिळवून येईल त्याची दुप्पट' आणि 'एका संख्येच्या दुपटीत ३', हा फरक ज्याच्या जिभेवर बसला, त्याला कंस पाठ करावा लागत नाही. उलटंही करून घ्या. पावणेदोनशे, साडेसात हजार, एकोणसाठ हे शब्द चिन्हांत लिहायला लावा, कंसासकट. आणि प्रश्नपत्रिकेतल्या एखाद्या वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर दोन्ही उत्तरांना गुण द्या, असं उत्तरसूचीत आधीच छापा. नंतर पालकांनी भांडून मिळवलेला गुण मुलाच्या कामाचा नसतो.

सेमी-इंग्रजीत गेलेल्या मुलांचं काय, असं विचाराल. ती बिचारी गणित एका भाषेत वाचतात आणि विचार दुसरीत करतात. त्यांच्यासाठी हे दुप्पट लागू आहे. दुप्पट म्हणजे दोनने गुणून, दोनदा वाढवून नव्हे. हाही घोळ तुमच्या कुठल्याशा स्वाध्यायात आहेच.

कळावे,

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका

ता. क. : त्या त्रिकोणाच्या प्रश्नाबद्दल मी मुलीला वाक्य सुधारून आणायला सांगितलं होतं. तिने दोन वाक्यं आणली. 'काही त्रिकोण समभुज नसतात' हे एक, आणि 'एकही त्रिकोण समभुज नसतो' हे दुसरं. खाली लिहिलं होतं, "पहिलं बरोबर, दुसरं चूक. पेपरात यांतलं कुठलं होतं ते सांगावे." पेपराची प्रत सोबत जोडली आहे. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.